‘ज्ञ’चं कुलूप

वैशाख वद्य प्रतिपदा, रविवार, सकाळी दहा. स्थळ : ब्रह्मा घाटाजवळचं आमचं घर, खालचा मजला, बाहेरची खोली. हजर : घरमालक काका, काकू आणि वरच्या मजल्यावरची भाडेकरू, म्हणजे मी. गैरहजर, पण ज्यांच्यासाठी सगळं चाललं होतं ते : सांगलीचे भाऊ. दारातून अधूनमधून डोकावणारे : समोरचे कचोरीवाले भैय्याजी. काम : राउटरला नीट पासवर्ड लावणे.

माझ्या वहीत त्या दिवसाच्या पानावर हे एवढंच आहे. कुठलंही काम हाती घेतलं की कोण हजर, काय करायचं आणि काय झालं हे मी लिहून ठेवते. बँकेतली सवय. पण त्या पानावर जे लिहिलेलं नाही ते असं, की खरं बोलून एवढ्या लोकांची एवढी पंचाईत करणारा माणूस अख्ख्या काशीत आमच्या काकांशिवाय दुसरा नसेल. मी नाशिकहून बदली होऊन इथे आले त्याला आता पाच वर्षं होतील. जागा बघायला आले तेव्हा ‘पाणी चोवीस तास असतं ना?’ असं मी विचारलं होतं. काका म्हणाले, “नाही. सकाळी दोन तास. आणि उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर फार तापतं. माकडंही येतात. तुला दुसरी चांगली जागा मिळत असेल तर बघ.” मी सामान घेऊन दुसऱ्याच दिवशी राहायला आले.

काका घनपाठी आहेत. ज्यांना हा शब्द ठाऊक नसेल त्यांच्यासाठी : वेदातले शब्द नुसते सरळ म्हणायचे नाहीत, तर पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा असे पुढे-मागे गुंफत म्हणायचे, म्हणजे हजार वर्षांत एक अक्षरही निसटत नाही. काकांची जीभ आठव्या वर्षापासून हेच करत आली, त्यामुळे आता ती दुसरं काही करायला तयार नाही. बाजारात निघाले की काकू भाजी सांगतात आणि काका गल्लीच्या टोकापर्यंत “भेंडी तोंडली, तोंडली भेंडी, भेंडी तोंडली दुधी, दुधी तोंडली भेंडी” असं पुटपुटत जातात. नवा भाजीवाला एकदा ते ऐकून प्रत्येक भाजी पाच-पाच वेळा तोलायला लागला होता. माझी चिठ्ठी हातात घेऊन बाजारात जायची पद्धत त्यांना लाजिरवाणी वाटते. “एवढी शिकलेली तू, आणि दुधी लिहून नेतेस?” असं ते मला दर आठवड्याला एकदा तरी विचारतात.

पण त्यांचं खरं बोलणं या सगळ्याच्या वरताण. फोनवर एका मुलीने “सर, दो मिनट बात कर सकते हैं?” असं विचारलं, तर काका “हाँ” म्हणाले, घड्याळ समोर ठेवून बसले, आणि बरोबर दोन मिनिटांनी ती वाक्याच्या मध्यात असताना फोन ठेवून दिला. श्राद्धाला आलेल्या एका यजमानाने सगळं आटोपल्यावर हात जोडून विचारलं होतं, “गुरुजी, अब पिताजी स्वर्ग पहुँच गए न?” काका म्हणाले, “मालूम नहीं. मैं गया नहीं हूँ.” यजमान पुन्हा आला नाही, त्याच्या ओळखीचेही आले नाहीत. “म्हणून मी शाळेत नोकरी धरली,” काकू सांगतात. “यांच्या खरेपणावर एक मांजरही पोसलं नसतं.” हे सांगताना त्या काकांच्या पानात तूप जरा जास्तच वाढत असतात.

अशा माणसाच्या घरात पासवर्ड टिकणं कठीणच. राउटर बसवायला आलेल्या माणसाने विचारलं होतं, “गुरुजी, पासवर्ड क्या रखें?” काका म्हणाले, “कुछ नहीं.” तो माणूसही सरळ असावा. त्याने रोमन अक्षरांत ‘कुछनहीं’ असं टाकलं आणि निघून गेला. मग कुणीही येऊन पासवर्ड विचारला की काका खरं तेच सांगत, “कुछ नहीं.” लोकांना आधी वाटलं की गुरुजी टाळतायत. मग कचोरीच्या दुकानात बसलेल्या कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, आणि त्या दिवसापासून भैय्याजींच्या बाकावर पहाटे साडेपाचपासून जागा मिळेनाशी झाली. नाववाले, फुलवाले, घाटावरून फिरून येणारे, सगळे एका हातात कचोरीचा द्रोण आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन काकांच्या नेटवर बसलेले. भैय्याजी म्हणत, “गुरुजी का नेट तो प्रसाद है.” काकांना यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट फार बरं वाटत होतं.

तेच काका वैशाखात एके दिवशी जिना चढून वर आले. गुडघ्यांमुळे ते सहसा वर येत नाहीत. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “अगं, ते नेट फार परेशान करतंय. फुरसतीनं जरा बघशील का? भाऊचं आणि माझं म्हणणं मध्येच थांबतं.”

भाऊ म्हणजे काकांचे गुरुबंधू. सांगलीकडून आठ वर्षांचे असताना ते रामघाटावरच्या वेदशाळेत आले. तिथे समोरासमोर बसून दोघांनी बारा वर्षं एकत्र अध्ययन केलं. एकाने अर्धं म्हणायचं, दुसऱ्याने पुढचं अर्धं उचलायचं. मग भाऊ गावी परत गेले. पन्नासएक वर्षं पत्रांवर गेली. अलीकडे काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली तेव्हा त्यांच्या सुनेने व्हिडिओ कॉलची युक्ती काढली. रोज सकाळी सहा वाजता ती सांगलीत त्यांच्यासमोर फोन उभा करते, इथे काका पाटावर फोन ठेवतात, आणि अर्धा तास दोन म्हाताऱ्यांचे आवाज जिन्यावरून वर येतात. माझा सकाळचा चहा त्या आवाजात होतो. मेघगर्जना झाली, ग्रहण लागलं की वेद म्हणायचा नाही, अनध्याय पाळायचा, असा नियम आहे. काकांनी त्या नियमात राउटरचा लाल दिवा स्वतःच्या अधिकारात घातला होता. 

“थांबलं की पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागतं,” काका म्हणाले. “त्याचं काही नाही. पण हल्ली फार थांबतं. नेट थांबतं की भाऊ थांबतो, हे मला समजेनासं झालंय.” मग पेला खाली ठेवत, “तेवढं मला समजायला पाहिजे गं.”

मी वहीत काम लिहून घेतलं.

म्हणून तो रविवार. माझ्या यादीत सहा कामं होती. राउटरचं पान उघडणे. त्याचं मूळ नाव-पासवर्ड, जे मागच्या चिठ्ठीवर सगळ्या जगासाठी छापलेलं असतं, ते बदलणे. सुरक्षेचा जुना प्रकार काढून नवा लावणे. बटण दाबून कुणालाही जोडता येतं ती सोय बंद करणे. लांब पासवर्ड ठेवणे. आणि सहावं, तो पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलणे. पान उघडल्यावर आत्ता कोण कोण जोडलेलं आहे त्याची यादी दिसली. तीसेक फोन होते; नेट अडकत होतं ते याच गर्दीमुळे. काका चष्मा लावून एकेक नाव वाचायला लागले. “हा नाववाला. हा फुलवाल्याचा जावई. हा कोण? अच्छा, तो.” वाचून झाल्यावर ते काकूंकडे वळले. “इतकी मंडळी घरात आहेत, आणि आपण कुणाला चहासुद्धा विचारला नाही.”

“विचारा,” काकू म्हणाल्या. “आणि तीस कप तुम्हीच विसळा.”

सुरक्षेचा प्रकार निवडताना काकांना मी थोडक्यात सांगितलं, की आता तुमचं बोलणं हवेतून जाताना अक्षरांची उलटापालट करून जाईल, मधल्या माणसाला अर्थ लागणार नाही, आणि ती पुन्हा सरळ करायची किल्ली म्हणजे पासवर्ड. काका एकदम सरसावून बसले. हे त्यांच्या प्रांतातलं निघालं. थोडा वेळ विचार करून म्हणाले, “गंमत आहे. अक्षरं हरवू नयेत म्हणून आम्ही उलटसुलट करतो. आणि हे यंत्र कुणाला मिळू नयेत म्हणून करतं.”

पासवर्ड काय ठेवायचा हे विचारल्यावर मात्र त्यांना क्षणही लागला नाही. “प्रज्ञाचक्षू,” ते म्हणाले. ज्याला बुद्धी हाच डोळा आहे तो, म्हणजे दृष्टी नसलेला विद्वान. हे त्यांनी कुणासाठी निवडलं ते विचारावं लागलं नाही. मी टाइप केलं, तिघांचे फोन जोडले, आणि पाच कामांवर खुणा केल्या.

पाच मिनिटांत भैय्याजी दारात. “गुरुजी, नेट चला गया.”

“गया नहीं. पासवर्ड बदला है.”

“क्या रखे हैं?”

मी डोळ्यांनी नको नको म्हणत होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग भैय्याजींकडे पाहिलं, आणि विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं, “प्रज्ञाचक्षु.” मी वही मिटली. माझी सकाळ फुकट गेली होती.

पण भैय्याजी पाच मिनिटांनी परत आले. लागत नव्हतं. पुन्हा गेले, पुन्हा आले. बाकावरच्या सगळ्यांनी पालथं-उलथं करून पाहिलं होतं. “गुरुजी, पूरी दुकान संस्कृत में फेल हो गई,” ते म्हणाले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. काका मराठी बोलताना ‘ज्ञ’चा उच्चार आपल्यासारखा ‘द्न्य’ करतात, पण हिंदीत शिरले की ते जन्माचे बनारसी, त्यांचं ‘ज्ञ’ तिथे ‘ग्य’ होतं. त्यांनी भैय्याजींना सांगितलं ‘प्रग्याचक्षु’, आणि भैय्याजींनी टाकलं जी, वाय, ए. माझ्या बोटांनी मात्र नाशिकच्या शाळेत शिकल्याप्रमाणे डी, एन, वाय, ए टाकलं होतं. ब्रह्मा घाटावर या स्पेलिंगने ‘ज्ञ’ लिहिणारी मी बहुधा एकटीच. इतकं भक्कम कुलूप मला ठरवूनही लावता आलं नसतं.

भैय्याजी गेल्यावर मी हे काकांना हसत हसत सांगितलं. काकांना हसू आलं नाही. “म्हणजे मी खरं सांगितलं, आणि त्यांच्यापर्यंत पोचता पोचता ते खोटं झालं?”

“खोटं नाही हो. त्यांनी स्पेलिंग विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही.”

“विचारलं तर सांगावं लागेल.”

“विचारलं तर सांगा.”

काकांना ते पटलं नाही. त्या दिवशी ते दुकानासमोरून न जाता मागच्या गल्लीने मंगला गौरीच्या दर्शनाला गेले. कुणी विचारेल या भीतीने त्यांनी रस्ता बदलल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

नेट मात्र झकास झालं. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही दिवस पाठ कुठेही न अडकता पार पडला. बुधवारी तर दोघं असे काही रंगात आले की काकूंनी दूध उतू जाऊ दिलं. गुरुवारी मी मुद्दाम चहाचा कप घेऊन खाली गेले आणि काकांच्या मागे दाराशी उभी राहिले. काम पूर्ण झालं का हे एकदा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. पडद्यावर भाऊ दिसत होते. गोरे, लहानखुरे, डोळे मिटलेले. त्यांच्या मागे छताला पंखा फिरत होता. काकांनी त्यांचं अर्धं म्हटलं. भाऊंनी उचललं, चार शब्द गेले, आणि आवाज थांबला.

मला वाटलं, गेलं नेट. पण राउटरचा दिवा हिरवा होता. आणि भाऊंच्या मागे पंखा फिरत होता.

भाऊंचे ओठ जरासे उघडे होते. काकांनी पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. त्यांनाही पंखा दिसत होता.

“काय रे,” भाऊ म्हणाले. आवाज अगदी स्वच्छ आला. “नेट गेलं का तुझं?”

कुणीही दुसरा माणूस ‘हो’ म्हणाला असता. मी म्हणाले असते. काकांनी एकदा तोंड उघडून मिटलं. मग म्हणाले, “नाही रे. चालू आहे.”

 पंखा फिरत राहिला. “मग मीच,” ते म्हणाले. नंतर मान वळवून, “सूनबाई, बंद कर गं हे.”

शुक्रवारी सहा वाजता सांगलीने फोन उचलला नाही. शनिवारीही नाही. अनध्यायाची तिथी नव्हती. सुनेचा काकूंना निरोप आला, की बाबा म्हणतात घसा बसलाय. काका दोन्ही दिवस अर्धा तास पाटासमोर बसून राहिले. एकट्याने म्हणायला काहीच हरकत नव्हती, पण म्हटलं नाही. वरच्या मजल्यावर माझा चहा निवून गेला. राउटरचं काम शंभर टक्के यशस्वी झालं होतं, आणि मला स्वतःचा राग येत होता.

रविवारी सकाळी मी पिशवी घेऊन खाली उतरले तर गल्लीत गलका. कचोरीच्या दुकानात बाकावर मधोमध काका बसलेले, भोवती भैय्याजी आणि सगळी गिऱ्हाइकं, आणि काका हात वर करून सांगतायत, “जीभ दाँत के पीछे. द. न्य. अब अक्षर. डी, एन, वाय.” आणि सगळं दुकान एका सुरात म्हणतंय, “डी एन, एन डी, डी एन वाय, वाय एन डी, डी एन वाय.” कढईत झारा फिरवता फिरवता भैय्याजीही म्हणत होते. या गल्लीतला माणूस आता मुलांची नावं विसरेल, पण हा पासवर्ड विसरणार नाही, हे मला कळून चुकलं.

“काका, हे काय?” मी म्हटलं. “त्यांनी विचारलं होतं का?”

“नव्हतं विचारलं.”

“मग?”

“मीच म्हटलं, मला विचारा,” काका म्हणाले आणि द्रोणातली जिलबी पुढे केली. “घे. गरम आहे.”

मी घेतली नाही. चांगलीच चिडले होते. एक पूर्ण सकाळ, सहा कामांची यादी, आणि हा माणूस स्वतःच्या हाताने कुलपाची किल्ली गल्लीत वाटतोय. संध्याकाळी काकूंकडे तक्रार केली. काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “चिडू नकोस त्यांच्यावर. खोटं बोलता येत नाही बिचाऱ्यांना. काय करतील?” त्या वेळी मला त्याचा अर्थ लागला नाही.

सोमवारी सहा वाजता काकांनी सांगलीला फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा सुनेने उचलला आणि भाऊंच्या हातात दिला. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर होते, तिथून काकांचा फोन दिसत होता. चित्र तुकड्यातुकड्यांनी येत होतं, आवाज घरघरत होता. समोर दुकानात पस्तीस माणसं बसली होती.

“भाऊ,” काका मोठ्याने म्हणाले, “इथलं नेट फार खराब झालंय रे.”

भाऊंनी कान फोनजवळ आणला. मग, “खरं?”

“अगदी खरं. मी तुझ्याशी कधी खोटं बोललोय का?”

“नाही बाबा. तू कुठला बोलतोस.” भाऊंच्या आवाजात जरा ऊब आली. “मग मध्येच थांबलं तर?”

“थांबलं तर थांबलं. मी पुन्हा पहिल्यापासून घेईन. मला कुठे जायचंय?”

“घसा जरा बसलाय माझा.”

“बसू दे. म्हण.”

भाऊ खाकरले. आणि सुरू करायच्या आधी काकांनी एक गोष्ट केली. त्यांनी डोळे मिटून घेतले. भाऊंसारखे, घट्ट. अर्धा तास ते उघडले नाहीत. मध्ये पाच-सहा वेळा आवाज थांबला. मी जिन्यातून पाहत होते. कधी सांगलीतला पंखा पात्यांसकट जागच्या जागी गोठलेला असे. कधी फिरत असे. काकांना त्यातलं काहीच दिसत नव्हतं. ते प्रत्येक वेळी थोडं थांबत, “नेट, भाऊ, नेट,” असं म्हणत, आणि पुन्हा पहिल्यापासून घेत.

त्या दिवशी मी भैय्याजींकडे जाऊन जिलबी मागून खाल्ली.

आता हे रोजचं झालं आहे. माझ्या वहीतली पाच कामं झालेली आहेत, त्यांच्यापुढे खुणा आहेत. सहाव्यापुढे नाही. तीन महिने होऊन गेले तेव्हा काकूंनी एकदा विचारलं, “ते बदलायचं होतं ना गं तुला?” मी म्हटलं, “बघू, रविवारी.” नंतर त्यांनीही विचारलं नाही. बँकेत मला कुणी सांगितलं असतं की एक काम तू वर्षभर पुढे ढकलशील, तर मी ते मनाला लावून घेतलं असतं. हल्ली भाऊ बरेचदा पहिल्या ओळीतच थांबतात. काका डोळे मिटून वाट पाहतात. मग वर तोंड करून मला हाक मारतात, “अगं, आज नेट फारच खराब आहे का?” मी जिन्यातून खाली पाहते आणि सांगते, “हो काका, फारच.” मला जमतं ते.

वही संपली की राहिलेली कामं मी नव्या वहीत उतरवून घेते. कालच नवी वही घेतली. पहिल्या पानावर पहिलं काम तेच आहे : राउटरचा पासवर्ड बदलणे.